लोडशेडिंगची कॅसेट

हे खरं आहे.

तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. हे एका मुलीला तोंडावर सांगायचं होतं. तेवढी हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहितोय.

तारीख १२ जानेवारी २०२५. रविवार, दुपारचे तीन. जागा आमच्या संभाजीनगरातला उस्मानपुरा, सुयशच्या घराचा वरचा मजला. खाली भाजीवाला ओरडत होता. खिडकीतून ऊन येत होतं. भुताला शोभेल असं तिथं काहीही नव्हतं.

मी अभय. वीस वर्षांपूर्वी आमचा रॉक बँड होता. प्रॅक्टिसला बसलो की लाईट जायची, म्हणून नाव ठेवलं 'लोडशेडिंग'. मी गायचो. सुयश बास गिटार वाजवायचा. ड्रम्सवर राजकुमार, म्हणजे आमचा राजू, पुंडलिकनगरचा.

राजूचे वडील, अप्पाराव, लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. राजूनं घरी सांगितलं, "मी बँडमध्ये लागलो." त्याच्या आईला, चंपाबाईंना, वाटलं वरातीचाच बँड. त्यांनी नवऱ्याचा लाल कोट इस्त्री करून पोराच्या पिशवीत घातला.

राजूनं तो कोट आम्हाला दाखवला. पोट धरधरून हसला. आम्हीही हसलो.

तो आईच्या भाबडेपणाला हसत होता. मी कोटाला हसत होतो.

आता मूळ गोष्ट. २००६ चं कॉलेजचं गॅदरिंग. दुसऱ्या गाण्यात लाईट गेली. गिटार बंद, माईक बंद, मैदानात मिट्ट काळोख.

तो शो गावात गाजला. मी सगळ्यांना सांगत आलो की त्या अंधारात मी अकरा मिनिटं नुसत्या गळ्यावर गायलो आणि पब्लिक जाग्यावरून हललं नाही. बायकोला सांगितलं. ऑफिसात सांगितलं. मागच्या वर्षी एका यूट्यूबवाल्यानं मुलाखत घेतली, तिथंही सांगितलं. चाळीस हजार लोकांनी ती बघितली.

खोटं आहे ते.

लाईट गेली तशी पब्लिकमधून पहिली चप्पल आली. मी स्टेजवरून उतरलो आणि पडद्यामागं जाऊन उभा राहिलो.  सुयश जनरेटरवाल्याला शोधायला पार गेटबाहेर, मेन रोडपर्यंत पळाला होता, त्यामुळं त्यालाही हे माहीत नाही.

राजू एकटा बसून राहिला. अकरा मिनिटं वाजवलं त्यानं. त्याच्यामुळं लोक थांबले.

दोन वर्षांनी पुण्याच्या स्पर्धेसाठी आमची निवड झाली, तेव्हा मी त्याला बँडमधून काढलं.

२०२१ ला कोरोनात राजू गेला. मी ग्रुपवर हात जोडले. पुंडलिकनगर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. गेलो नाही.

तर त्या रविवारी सुयशनं मला बोलावलं. म्हणाला, "राजूची पोरगी येतीय. तिला एक कॅसेट सापडलीय."

मोनाली आली. सतरा वर्षांची. जपून तिनं प्लॅस्टिकच्या डबीतून कॅसेट काढली. वर राजूच्या अक्षरात लिहिलं होतं... गॅदरिंग २००६.

"मम्मीच्या ट्रंकेत व्हती," ती म्हणाली. "पप्पांनी ड्रमखाली टेप ठेवला व्हता म्हणे. काका, मी बी ड्रम्स शिकतेय. एक वर्ष झालं. पप्पा कसे वाजवायचे, मला कुणी सांगतच नाय."

 टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. लाईट गेली तरी तो बंद पडला नसणार.

मी वेळ काढायला वाद उकरला. म्हटलं, "ती कॅसेट काय ऐकायची? सुरुवातीचे शो म्हणजे नुसता गोंगाट. सूर नाही, ताल नाही. खरा बँड झाला तो पुण्याच्या वेळी."

सुयश खवळला. "काहीबी काय बोलतो अभ्या? पुण्याला आपण घोकंपट्टी केली. पहिल्या शोत जान व्हती."

"जान असून काय करायचं? चुका किती व्हत्या."

"असू दे की चुका. पुण्याच्या शोतलं एक तरी गाणं तुला आठवतं का?"

आठवत नव्हतं. मी म्हणालो, आठवतं.

मोनाली आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "काका, तुमची मुलाखत बघितली मी. त्यात पप्पांचं नाव नाय आलं."

"एडिटिंगमध्ये उडालं असेल," मी म्हणालो.

"आणि अंधारात तुम्ही गायले तेव्हा पप्पा काय करत व्हते?"

हीच ती वेळ होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"बसला होता बिचारा," मी म्हणालो. "अंधारात काय वाजवणार?"

सुयशनं कॅसेट त्याच्या जुन्या डेकमध्ये घालून बटण दाबलं.

पहिलं गाणं नीट वाजलं. माझा कोवळा, चिरका आवाज. बास. ड्रम्स. सगळं जागच्या जागी.

दुसरं गाणं सुरू झालं. मी मनात सेकंद मोजत होतो.

खट्.

टेपवर लाईट गेली. गिटार थांबली. पब्लिकचा गलका...

आणि मग... काहीच नाही.

नुसती टेपची खरखर.

मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो. टेप इथं कोरी आहे.

मी वर बघितलं.

सुयशचा पाय हलत होता. तालात.

मोनालीचे डोळे मिटलेले. तिची बोटं गुडघ्यावर पडत होती. जोरात... मग हलकी... मग एकदम भरभर.

त्यांना ऐकू येत होतं.

मी स्पीकरजवळ सरकलो. कान लावला. खरखर.

आणि त्या खरखरीतून, अगदी कानाशी...

"अभ्या."

राजूचा आवाज.

"अभ्या, मला का काढलं?"

मग माझा आवाज. तरणा, माजलेला. "राजू, आपला रॉक बँड आहे. तू बँडवाल्यासारखा वाजवतो. नुसती वरात."

"मी बँडवाल्याचाच पोरगा हाय की."

"तेच तर. तुमच्याकडं तेच चालतं. इथं नाय चालणार."

हे बोलणं कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर झालं होतं. आम्ही दोघंच होतो. २००८ साली.

कॅसेट २००६ ची होती.

'तुमच्याकडं' म्हणजे काय, ते राजूला तेव्हाच कळलं होतं. तो काही न बोलता उठून गेला होता. खऱ्या आयुष्यात बोलणं तिथंच संपलं होतं.

टेपवर संपलं नाही.

"बरं," राजू म्हणाला. शांतपणे. "आता ऐक."

आणि मग खरखरही थांबली.

सुयशचा पाय हलतच होता. मोनालीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. अकरा मिनिटं मी त्या दोघांना राजू ऐकताना बघत बसलो.

खट्. बटण वर आलं.



"माय गं," सुयश म्हणाला. "लई भारी. हे मला म्हाईतच नव्हतं." मग माझ्याकडं वळला. "पण अभ्या, तू कुठंय यात? तू गात व्हता ना?"

 माझी जीभ पुन्हा खोट्याकडंच वळली.

"टेप ड्रमखाली होता. माझा आवाज तिथवर पोचला नसेल."

सुयशनं कपाळाला आठ्या घातल्या. पण मोनालीनं मान हलवली. "व्हय, तसंच असंल काका," म्हणाली.

तिनं विश्वास ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी आज झोपू शकलो असतो.

त्या दिवसापासून मला ड्रम ऐकू येत नाही.

ड्रम, ढोल, ताशा, हलगी, काहीच. गाडीत गाणं लावलं की गायक ऐकू येतो, गिटार ऐकू येते, मध्ये नुसती भोकं. शेजारचं पोरगं डबा बडवतं, तेही दिसतं फक्त. डॉक्टरनं मशीनवर कान तपासले. म्हणाले, कान ठणठणीत आहेत.

बायकोला सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

एप्रिलमध्ये मोनालीचा फोन आला. पुंडलिकनगरला जयंतीचा कार्यक्रम होता, त्यात तिचा ग्रुप वाजवणार होता. "काका, तुम्ही याच. पप्पांच्या वेळचं तुम्ही दोघंच उरले."

सुयश पुण्याला होता. मी गेलो. ठरवून गेलो की आज सांगायचं.

पहिल्या रांगेत चंपाबाई बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोनाली ड्रम्समागं बसली. तिचे हात उठले... पडले...

काही नाही.

मला ते बघवेना. मी मान खाली घातली, डोळे मिटले आणि गिटारच्या अंदाजानं डोकं हलवत राहिलो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गडी रंगलाय. टाळ्या पडल्या की मीही वाजवायचो.

कार्यक्रम संपला. ती घामानं निथळत माझ्याकडंच आली.

"खरं सांगा काका. लय कुठं सुटली का?"

"कुठंच नाही," मी म्हणालो. "एकही ठोका चुकली नाहीस."

ती हसायची थांबली.

"दुसऱ्या गाण्यात माझी काठी तुटली," ती म्हणाली. "दुसरी जोडी घरीच राहिली व्हती, ती येईपतूर वाट बघितली. ते अख्खं गाणं मी नुसती बसून व्हते."

 

ती माझ्याकडं बघत राहिली. खूप वेळ. राजू पायऱ्यांवरून उठताना असाच बघत होता.

"असू द्या काका," ती म्हणाली आणि आजीचा हात धरून निघून गेली.

मी मंडपाच्या दारात उभा राहिलो. बाहेर ढोल सुरू झाले असावेत, कारण लोक नाचत होते.