पुढच्या खुर्चीतलं वजन

रविवारी दुपारी काडी मैदानावर पोचली आणि नेहमीप्रमाणे तिने पहिली हाक मारली ती दोर ओढायचं यंत्र, म्हणजे विंच, चालवणाऱ्या मामांना. ग्लायडर उडवायला निघालेल्या या मुलीला स्वतःची स्कूटर मधल्या स्टँडवर लावता येत नसे. स्टँडच्या दांडीवर दोन्ही पाय देऊन उभी राहिली तरी स्कूटर जागची हलायची नाही. बाजूचा स्टँड कधीच मोडला होता, आणि तो दुरुस्त करून घ्यायला तिला काही मुहूर्त मिळत नव्हता.

"अगं, खात जा काहीतरी," मामा एका पायाने स्कूटर चढवत म्हणाले.

"खाते हो मामा. चांगली दणकून खाते. जातं कुठे ते विचारू नका."

काडी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे, पण मैदानावर दुसरं नाव कुणाला आठवतही नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. अंगाने इतकी बारीक, की लहानपणी वारा सुटला की आई तिचा हात घट्ट धरून ठेवायची. अशा पोरीला नेमकं वाऱ्यावरच तरंगायचं वेड लागावं, याला काय म्हणायचं? आईने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, आणि शेवटी एक अट घातली. या हंगामात एकटी उडून दाखवलीस तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं तर हा नाद कायमचा सोडायचा. काडीने अट मान्य केली होती. आणि आज हंगामाचा शेवटचा दिवस होता. उद्या पंख सोडवून ग्लायडर शेडमध्ये जाणार होतं.

ज्यांनी ग्लायडर जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. त्याला इंजिन नसतं. एकामागे एक दोन खुर्च्या, वर काचेचं झाकण, आणि पोटाखाली एकच मोठं चाक. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच असते. ती लांबलचक दोर भराभर गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. पुरेशी उंची आली की पिवळी मूठ ओढून दोर सोडून द्यायचा. पुढे तुम्ही आणि वारा.

पण पुढच्या खुर्चीत ठरलेलं वजन असावंच लागतं. ते कमी पडलं तर शेपूट जड होते, नाक वर उठतं, आणि मग हातातली सुकाणूची दांडी कितीही पुढे रेटा, ते खाली येत नाही. येतं तेव्हा सगळंच एकदम येतं. म्हणून काडीच्या खुर्चीखालच्या खणात शिशाच्या दोन पट्ट्या बसवत. त्या जरा सैल होत्या, उडताना किणकिण वाजत, आणि तिला उडायला शिकवणारे मास्तर त्यांना काडीचे पैंजण म्हणत.

वजन बरोबर आहे की नाही हे ओळखायची मैदानावरची रीत सोपी होती. रिकामं ग्लायडर शेपटीवर बसतं, नाक हवेत. पुढच्या खुर्चीत पुरेसं वजन आलं की नाक खाली टेकतं. मास्तर खाली वाकून बघत, नाक टेकलेलं असलं की मान हलवत. इतक्या वर्षांत या रीतीने कधी दगा दिला नव्हता.

त्या दुपारी काडीच्या आधी एका किराणा दुकानदाराची फेरी झाली. दुकानदार चांगला भरभक्कम, त्यामुळे पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. मग वारा सुटला आणि ग्लायडरवर घालायचं कापड गवतातून पळायला लागलं. मास्तरांनी हाताला लागलं ते त्यावर ठेवलं आणि ते काडीकडे वळले.

"बस. आज मी नाही येत."

 इतके महिने काडीने याच वाक्याची वाट पाहिली होती, आणि आता वाटलं, मास्तरांनी ते उद्यावर ढकललं तर किती बरं होईल. पण उद्या नव्हताच. ती मुकाट्याने पुढच्या खुर्चीत बसली.

ती बसली, आणि एका क्षणानंतर ग्लायडरचं नाक खाली आलं. धप्पकन आलं, जरा जास्तच जोरात. मास्तरांनी वाकून पाहिलं, मान हलवली. मागच्या रिकाम्या खुर्चीचे पट्टे त्यांनी आवळून बांधले, मग काडीचे.

"मी मागे नसलो की हे हलकं होईल. झपकन वर जाईल. घाबरायचं नाही, नाक सांभाळायचं. बाकी तुला येतंय सगळं."

"मास्तर, आईला…"

"आईला तूच सांग, खाली आल्यावर."

काच बंद झाली. आत उन्हाने तापलेल्या रबराचा वास होता, आणि त्यात आणखी एक, लवंगेचा. काडीने हाताचा वास घेतला. दवाखान्यात लवंगेच्या तेलाशी रोजचाच संबंध. पण आज रविवार होता. असेल, बोटांत मुरला असेल, तिने स्वतःला समजावलं.

दुकानदाराने पंख उचलून धरला. दोर ताणला गेला, एक हिसका बसला, आणि गवत मागे पळायला लागलं.

झपकन वर जाईल, असं मास्तर म्हणाले होते. तसं काही झालं नाही. ग्लायडर नेहमीसारखं, दोघं असताना जसं चढायचं तसंच दमाने चढलं. खांद्यावरचे पट्टे मात्र आवळत चालले होते. मांड्यांवरही दाब येत होता. बसमध्ये कुणाचं तरी पोर मांडीवर घेतलं आणि ते झोपी गेलं, की पाय कसे भरून येतात, तसे तिचे पाय भरून आले. वर चढताना अंग जड होतंच, हे तिला माहीत होतं. तिने नजर समोर ठेवली, उंची आली तेव्हा नाक खाली घेऊन पिवळी मूठ ओढली. दोर खटकन सुटला.

आणि मग ती शांतता. काचेवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा सूंऽऽ असा आवाज, बाकी काही नाही. खाली शेतं, पाण्याची टाकी, रस्त्यावरच्या गाड्या. मागे कुणी सूचना देणारं नाही. काडीला हसू फुटलं, डोळ्यांत पाणीही आलं. "आई, बघ गं," ती मोठ्याने म्हणाली. आयुष्यात इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने डावीकडे वळण घेतलं. मग उजवीकडे. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की वळताना काहीतरी व्हायला हवं होतं, ते होत नाहीये.

किणकिण नव्हती.

तिने डावा हात खुर्चीखाली घातला. बोटांना खणाची कड लागली, गार पत्रा लागला, रिकामा बोल्ट लागला. तिने सगळीकडे चाचपलं. खण रिकामा होता.

 पट्ट्या नव्हत्या, तर दोर ताणला तेव्हाच नाक आभाळाकडे जायला हवं होतं. पण नाक खाली टेकलं होतं. मास्तरांनी पाहिलं होतं. मग या खुर्चीत वजन कुणाचं…

मांडीवरचा दाब हलला.

उठायच्या आधी मूल जसं चुळबुळतं, तसा हलला. आणि हलका झाला. त्याबरोबर समोरचं क्षितिज खाली सरकायला लागलं. नाक उठत होतं. काडीने दांडी पुढे ढकलली, आणखी ढकलली, अगदी टोकाला टेकवली. नाक उठतच होतं. वाऱ्याचा आवाज बारीक होत गेला… आणखी बारीक… आणि जवळजवळ थांबला. त्या शांततेत तिला ऐकू आलं, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कुणीतरी हळूच लवंग दाताखाली फोडली.

"सोडू नकोस…" काडी कुजबुजली. "कोण असशील ते अस… सोडू नकोस मला."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मांड्यांवर पुन्हा भार आला, सावकाश, नीट बूड टेकून बसावं तसा. नाक खाली आलं. वारा काचेवरून वाहायला लागला.

पुढचं सगळं तिने शिकवल्याप्रमाणे केलं. टाकीवरून वळली, मैदान समोर घेतलं, उतरली. दुकानदार नंतर सगळ्यांना सांगत होता, की इतकं सुरेख उतरणं त्याने या मैदानावर पाहिलं नव्हतं.

मास्तर हसत पुढे आले, त्यांनी काच उघडली. काडीने पट्टे सोडले, पाय बाहेर टाकला आणि ती गवतावर उभी राहिली.

"शाब्बास!" मास्तर म्हणाले, आणि सवयीने त्यांची नजर नाकाकडे गेली.

काडी खाली उतरली होती, पण ग्लायडरचं नाक वर आलं नव्हतं.

ते तसंच जमिनीला टेकून होतं. शेपूट हवेत. आत कुणीही नव्हतं. दुकानदार मागे गेला आणि शेपटीवर हात ठेवून त्याने जोर केला. नाक तसूभर उठलं आणि पुन्हा टेकलं.

"खाली काही अडकलंय का हो?"

 मास्तर लांब गवतात पाहत होते. तिथे कापड वाऱ्याने फडफडत होतं, आणि ते उडू नये म्हणून त्यावर शिशाच्या दोन पट्ट्या ठेवलेल्या होत्या.

एवढ्यात दोर ओढत मामांची जीप आली. "मास्तर, शेवटी मागे बसलातच ना?" ते लांबूनच ओरडले. "विंचेच्या इंजिनाला दोघांचा भार लागत होता…" मग त्यांना माणसांचे चेहरे दिसले. ते उतरून ग्लायडरजवळ आले आणि नाकपुड्या फुगवून वास घेत उभे राहिले.

"लवंग," मामा म्हणाले.

"कोण होतं ते?" काडीने विचारलं.

मामांनी सांगितलं. "चिमणी म्हणायचो तिला. तुझ्यासारखीच, फुंकर मारली तर उडेल अशी. पोटात ढवळतं म्हणून सारखी लवंग चघळायची. तेव्हा या पट्ट्या नव्हत्या गं, नाक बघायची रीतही नव्हती. पहिल्यांदा एकटी वर गेली आणि… तिच्यानंतर ओतून घेतल्या त्या."

मास्तर पुढे गेले. उघड्या काचेच्या कडेला हात ठेवून, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं साध्या आवाजात ते म्हणाले, "चिमणे, ही उतरली बघ. सुखरूप आहे. आता तूही उतर, बाळा."

वारा पडला होता. कुणी हललं नाही. मग ग्लायडरचं नाक हळूहळू वर आलं, आणि शेपूट गवतावर टेकली.

मास्तर तिथेच मटकन खाली बसले. मामांनी जीपमधून पाणी आणलं.  काडीने आईला फोन केला आणि इतकंच सांगितलं, की झालं, एकटी उडाले. पलीकडे आई आधी रडली आणि मग म्हणाली, लवकर घरी ये.

जाताना मामांनी स्कूटर स्टँडवरून उतरवून दिली. घरापर्यंतच्या रस्त्यावर खड्ड्यांना तोटा नव्हता. एरवी काडी त्या रस्त्यावर टप्प्यावर टप्पे घेत जायची. आज स्कूटर कशी रस्त्याला धरून चालली होती. थकलेय, म्हणून हळू चालवतेय, तिने मनाशी म्हटलं.

आई वरच्या मजल्याच्या खिडकीत उभीच होती. "थांब, शेजारच्या काकांना हाक मारते स्टँडला," ती वरून म्हणाली.

सवयीने काडीचा एक पाय स्टँडच्या दांडीवर गेलाच होता. तिने जोरही केला नव्हता. खटकन आवाज झाला आणि स्कूटर पहिल्याच झटक्यात स्टँडवर चढली.

"अगं बाई!" आई खिडकीतून हसली. "आज कशी एकटीने जमली गं?"

काडीने वर पाहिलं नाही. ती दांडीवरच्या आपल्या पायाकडे पाहत होती. वर हवेत असताना ती काय म्हणून बसली होती, तिला आठवलं. सोडू नकोस मला, एवढंच म्हणाली होती. खाली पोचेपर्यंत, असं म्हणायचं राहून गेलं होतं.