तिसऱ्या गावातलं कुंपण

तुम्ही माणूस नीट न बघता परत दिलंत. केस बंद केलीत, माझ्याशी हस्तांदोलन केलंत आणि वर 'नशीबवान आहात' म्हणालात. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चूक दाखवली की 'आमच्याकडे तर नीट चालतंय' म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. तुमच्या बेटावरचं पोलीस खातं त्यांच्याच जातकुळीतलं. म्हणून सगळं पुन्हा सांगतो, आणि या वेळी मध्ये बोलू नका.

जून २००५. आई नागपूरहून आमच्याकडे रेडमंडला आलेली. पाऊस एकदाचा थांबला म्हणून माझ्या बायकोनं, गिरिजानं, तुमच्या बेटाचा बेत काढला. गाडी फेरीबोटीत चढवली. पलीकडे उतरलो तर स्वच्छ ऊन, राखाडी गोट्यांचा किनारा, लाटांनी आणून टाकलेले पांढरे पडलेले ओंडके. रस्ता एकच, सरळ उत्तरेला. समुद्र सतत डाव्या हाताला. कुठेही वळायला जागा नाही आणि आम्ही वळलोही नाही. हे लिहून घ्या.

पहिल्या गावात एक पोस्ट, एक दुकान आणि मोजकी लाकडी घरं. निळ्या दाराच्या एका घराच्या कुंपणावर पांढऱ्या गुलाबांचा वेल होता. आम्ही कॉफी घेऊन येईपर्यंत आईनं ओंजळभर फुलं तोडलेली.

"आई, इथे लोक बंदूक काढतात."

"देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, नंद्या. तुमचा गणपती प्लॅस्टिकच्या हारात घुसमटलाय."

"पुढच्या वेळी मी गाडी चालू ठेवते, आई," गिरिजा म्हणाली. दोघी खिदळल्या. फुलं कॉफीच्या रिकाम्या कपात खोचली.

मग बराच वेळ जंगल. उंच फरची झाडं, मध्येच सोललेल्या लाल सालीची वेडीवाकडी खोडं. खिडकीतून ओल्या मातीचा आणि मिठाचा वास. दुसरं गाव आलं. पोस्ट, दुकान, निळं दार. कुंपणावर पांढरे गुलाब, आणि मधले काही देठ तुटलेले. मी उतरून हात लावला. तुटलेली टोकं अजून ओली होती.

"अमेरिकेत सगळं एकाच साच्यातलं," गिरिजा म्हणाली. "शुगर लँडच्या कॉलनीत तुझ्या मित्राचं, विक्रमचं घर शोधताना तू दोनदा भलत्याच दाराची बेल वाजवली होतीस."

हसलो. पण देठ कुणी तोडले? आई मागच्या सीटवरून त्या निळ्या दाराकडे बघत होती.

तिसऱ्या गावात मी थांबणारच नव्हतो. निळं दार उघडं होतं.

"थांब रे. फुलं देऊन येते."

"कुणाला?"

"त्या बाईला. बघ ना, केव्हाची उभी आहे."

आम्हाला कुणी दिसलं नाही. आई कप घेऊन पायऱ्या चढली. साडीवर माझं जुनं स्वेटर, पायात बूट. ती आत गेली आणि दार लागलं.

आम्ही वाट बघितली. हाका मारल्या. शेवटी मी दार ढकललं.

आत जमीन नव्हती. भिंती नव्हत्या. दाराच्या मागे गुडघाभर गवत, आणि गवताच्या पलीकडे समुद्र. गवत कुठेही तुडवलेलं नव्हतं.

मी फोन केल्यावर तुमचा माणूस आला, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. कुंपण नाही, पोस्ट नाही, नुसती झाडं. "बेटावर दोनच गावं आहेत, सर," तो म्हणाला. मी कुठल्या गावात थांबलो होतो, हे तुम्ही आजवर सांगितलेलं नाही.

संध्याकाळच्या उन्हात आई तुम्हाला फेरीबोटीच्या धक्क्यावर बसलेली सापडली. केस विंचरलेले, हात रिकामे. "कुठे होतात रे? केव्हाची थांबलेय."

घरी आल्यावर सगळं जिथल्या तिथे. चहात तेवढंच आलं. फोनवर बाबांना तेच टोमणे, आणि बाबा खूश. मीच स्वतःला खुळा म्हणत होतो. फुलांचं विचारलं तर म्हणाली, "मी कशाला दुसऱ्याच्या कुंपणाला हात लावू?"

"शॉक असेल यार," गिरिजा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

शनिवारी दुपारी आम्ही दुकानातून परतलो. आई ओट्याशी कणीक मळत होती. आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. मी बटण दाबलं.

लाटांचा आवाज. मग आई.

"नंद्या, बाई चांगली आहे रे. पण सोडत नाही. गाडी घेऊन ये ना."

गिरिजा माझ्याकडे बघत नव्हती. ती ओट्याकडे बघत होती.

आई पिठाच्या हातानं आली. मेसेज पुसला. मशीन तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"राँग नंबर," म्हणाली, आणि परत जाऊन कणकेला तेल लावलं.

आम्ही पुन्हा तुमच्या बेटावर गेलो. रस्ता दुसऱ्या गावानंतर संपतो. तिथे किनाराच आहे.

मंगळवारी तिचं विमान आहे. बाबा नागपूरला घ्यायला येणार आहेत. इतके महिने एकटे जेवलेत, म्हणून परवा नवीन शर्ट आणलाय म्हणाले. ओळख पटली म्हणून सही तुम्ही केलीत. मी त्यांच्याकडे कुणाला पाठवू? मंगळवारच्या आत उत्तर द्या.