प्रभावतीचे दात

त्याग मूक असावा, असं प्रभावतीचं ठाम मत होतं... आणि तिचा त्याग तर इतका मूक होता, की तो दातांच्या नावावर चालला होता.

आई आणि थोरली बहीण, दोघी छातीतल्या गाठीने गेलेल्या. प्रभावतीच्या रक्तातही तोच दोष निघाला. डॉक्टरबाईंनी दोन वाटा सांगितल्या: गाठ येण्याआधीच दोन्ही स्तन काढायचे, म्हणजे धोका पुष्कळ उतरतो, नाहीतर नेमाने तपासण्या करत राहायचं, म्हणजे गाठ आलीच तर लवकर सापडते. प्रभावतीने तपासण्या निवडल्या. 'डिचोलीतच दातांच्या डॉक्टरकडे जाते' असं घरी सांगितलं, की तपासणी दातांच्या नावावर खपते, ऑपरेशन खपत नाही! भावाच्या आईवेगळ्या मुलीचं, सेजलचं, देवेशशी नुकतंच जमलं होतं. असल्या रक्ताच्या घरात सोयरीक कोण करील?

एका सकाळी तपासणीला निघताना प्रभावती पेजेचा डबा विसरली. आत्याच्या दुखऱ्या दातांसाठी सेजलनेच मऊ शिजवलेली पेज! सेजल डबा घेऊन धावली, तर आत्या डिचोलीच्या स्टँडवर पणजीच्या बसमध्ये चढताना दिसली. तीही मागच्या दाराने चढली.

पणजीच्या इस्पितळात बाकावर डबा आपटत सेजल म्हणाली, "आत्ये, हंय छातीचे फोटो काढतत. दात खंय गेले तुझे?"

प्रभावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हळू बोल गो... तुझ्या लग्नासाठीच..."

"आणि माझं काय? तुझं रक्त तेच बाबांचं, बाबांचं तेच माझं!"

हे तिच्या मनातच आलं नव्हतं! वात्सल्य, समर्पण, निष्ठा, सगळं कसं यथासांग वाहिलं होतं तिने पोरीच्या पायी... पोरीला सावध करायचं तेवढं राहून गेलं होतं! पदरात तोंड खुपसून ती हुंदके देऊ लागली. "चुकलं गो बाय..."

"रड, पण आधी पेज खा." सेजलने स्वतःचेही डोळे पुसले. "आता सांग. दात नाही, गाव नाही, माझं लग्न नाही. तुला काय हवं?"

पेजेचा डबा रिकामा करून प्रभावती म्हणाली, "दर खेपेला या बाकावर मी एकदा मरते गो... काढून टाकूया."

सेजलने आपल्याही रक्ताची तपासणी करून घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी दोघी देवेशच्या आईसमोर बसल्या. मान खाली घालून प्रभावतीने सगळं सांगितलं. ती माउली चहा गाळत म्हणाली, "दातांचं खोटं आमकां साखरपुड्याआधीच ठावक होतां. बाकीचं आज कळलां. साखर किती घालू?"

डिचोलीचा दातांचा डॉक्टर देवेशच्या आईचा सख्खा भाऊ होता. प्रभावतीचं तोंड त्याने कधी पाहिलंच नव्हतं.