बुरुल आपाच्या खोलीतली वायर

तुझ्या चुलत्याला जाऊन सांग बेलेक, त्याच्या तोंडावर सांग, की ह्यो मानूस यायचा न्हाई. म्हनं आजीच्या खोलीतला नेटचा डबा काढून पलीकडच्या खोलीत लावा, पोरांस्नी अभ्यासाला पायजे. अभ्यासाला? तुझी आत्या मॉस्कोत वारली त्याला सा दिस झालं. गावाला ठावं हाय, गावच्या कुत्र्यांस्नी ठावं हाय, फकस्त तिच्या आईला, तुझ्या आजीला न्हाई. नेट ऱ्हायलं तर कुठनं तरी फोटू येईल, कुनीतरी दुखवटा लिवून धाडील, म्हातारीला कळंल. म्हनून भिंतीला भोक पाडाय मी पायजे व्हय?

तुझा चुलता कोजोश म्हनतो रीत हाय. वडीलधारी मानसं जमून सांगत्यात, एकट्यानं सांगायचं न्हाई. हाय की रीत, मला काय शिकवतो त्यो. पन मानसं जमवायची कुनी? पोराचं लगीन उरकू दे, मग सांगू, म्हनं. तुमचं लगीन उरकायचं आन् तिनं तवर फोन पुढ्यात घेऊन लेकीची वाट बघत बसायची.

बस खाली. तू बी बस रं धाकल्या, भावाशेजारी. दार लावून घे. चहा वता.

कोचकोरचा शारशेन ठावं हाय का? घरोघर नेटच्या वायरी वढायचा. आमी दोघांनी सात वरसं मेंढरं राखली एका डोंगरावर. त्यो खोटं बोलायचा, न्हाई असं न्हाई. पत्त्यात बोलायचा. पन ह्ये त्यानं कवा बदलून सांगितलं न्हाई.

दोन हजार एकवीस साल. नोव्हेंबरची अकरा तारीख, बेस्तरवार. वरल्या गावच्या सागिननं त्याला बोलीवलं. काम काय, तर आईच्या खोलीतला डबा काढून अंगनापल्याड नव्या खोलीत लावायचा. सागिनची आई म्हंजी बुरुल आपा. डबा तिच्या खोलीत बसवला व्हता तिच्या धाकल्या लेकानं, मेदेरनं. त्यो कामाला रशियात, याकुत्स्कच्या बी वर, पार बरफाच्या मुलखात. रोज सांजचं आईला तोंड दावायचा.

शारशेन म्हनला, "सागिन दादा, डबा कशाला हलवतोस? हितला हितंच ठेव. तिकडं दुसरा बसवतो, वायर वढतो. दोन्ही खोल्यांत चालंल."

"नको. एकच. तिकडं."

"आरं पन तुझी भिंत हातभर रुंद हाय, मातीची. डबा तिकडं नेला तर आपाला एक दांडी यायची न्हाई."

"तुला वायर वढाय बोलीवलंय का वकिली कराय?"

शारशेननं पक्कड उचलली. मी असतो तर पक्कड फेकून मारली असती. पन त्यो गरीब सभावाचा.

आत गेला. आपा चुलीम्होरं बसलेली, तेलात पोळ्या तळत व्हती. बेस्तरवार न्हवं का, मेलेल्यांस्नी वास जावा म्हनून. सात पोळ्या. नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं, तोंडावरनं हात फिरीवला. दारात सागिनची बायको हुबी. डोईचा रुमाल तोंडात कोंबून ती एकदम भाईर निघून गेली. शारशेनला वाटलं, धूर लागला.

आपानं त्याला गरम पोळी दिली. म्हनली, "वायर तोडतोस व्हय रं बाळा?"

"सरकवतोय आपा."

"माझा मेदेर दिसंल न्हवं? चाळीस दिस झालं, तोंड दावलं न्हाई. कामात हाय म्हनतो. दोन वळी तेवढ्या लिवतो, मग नातू वाचून दावतो."

"दिसंल की आपा. भिंतीपल्याड तर चाललाय डबा."

आन् तोडली वायर. बोटाएवढा तुकडा ऱ्हायला भिंतीत. बाकीची गुंडाळून पिशवीत टाकली.

काम उरकंस्तवर अंधार. वर बरफ सुरू झालेलं, खिंड बंद. सागिन म्हनला ऱ्हा हितंच. नव्या खोलीत डब्याशेजारीच हातरून टाकलं. अकराला वीज गेली, अख्ख्या गावाची. डब्यावरचा हिरवा दिवा इझलेला त्यानं सोता बघितला.

दोन वाजून धा मिंटं. जाग आली.

कुनीतरी बोलत व्हतं.

उठला. अंगनात आला. बरफावर एक पाऊल न्हाई. आपाच्या खिडकीत उजेड. निळा.

दार अर्धं उघडं. आपा गादीवर बसलेली. म्होरं चहाच्या वाटीला टेकवून फोन. फोनात मेदेर.

शारशेनला पयलं वाटलं, लागलं बाबा नेट. मग ध्यानात आलं... वायर आपल्या पिशवीत हाय. वीज न्हाई. डबा मेलेला.

दाराशीच थांबला.

"जेवलास का रं?" आपा इचारत व्हती.

...

"न्हाई आई."

"का? सैपाक कुनी करत न्हाई तिथं?"

...

"आई. आज बेस्तरवार हाय."

"हाय की."

"बाचं नाव घेतलंस."

"घेतलं."

"आज्याचं घेतलंस."

"घेतलं की रं."

...

"माझं न्हाई घेतलंस."

आपानं फोन वाटीवरनं उचलून तोंडाजवळ धरला.

मग म्हनली, "कवा?"

"चाळीस दिस."

"कुनाकुनाला ठावं हाय?"

"समद्यांस्नी."

"सागिनला?"

...

"त्या दोन वळी कोन लिवतं रं मग?"

...

फोन काळा झाला.

आपा उठली. रडली न्हाई. दाराशी आली, तर म्होरं शारशेन. त्याच्याकडं बघितलं तिनं. म्हनली, "माझ्या हातची पोळी खाल्लीस. तुला बी ठावं व्हतं?"

"न्हाई आपा. देवाशप्पत न्हाई."

तिला पटलं न्हाई. आजतागायत पटल्यालं न्हाई. त्यो मला सांगतो तवा ह्याच जाग्यावर थांबतो.

तिनं चूल पेटवली. कढई ठेवली, तेल वतलं. सात पोळ्या लाटल्या. पयली तेलात सोडली आन् लेकाचं नाव घेऊन जो गळा काढला... घर उठलं, शेजार उठला. सागिन अनवानी पळत आला, बरफातनं. पाय धरलं. "आई, कुनी सांगितलं तुला?"

आपा म्हनली, "ज्यानं सांगायचं व्हतं त्यानं न्हाई."

येवढंच. त्याच्या हातचा चहा तिनं परत कवा घेतला न्हाई.

मग समदं भाईर आलं. मेदेर झोपायचा ती पत्र्याची खोली, रातीत तिथली शेगडी इझली. सकाळी उठलाच न्हाई, गोठला. तिकडंच पुरला. आन् सागिनच्या पोराचं लगीन वीस तारखंला ठरलेलं. मेदेरचा फोन सामानाबरुबर आलेला, त्यावरनं सागिन सोता आईला लिवायचा. लेकाच्या नावानं. मी बरा हाय आई, म्हनून.

उजाडल्यावर शारशेन पक्कड घ्यायला आपाच्या खोलीत गेला. चूल दोनपासनं पेटलेली, भिंत तापून हात लावू द्येत न्हवती. आन् वायरीचा तो बोटाएवढा तुकडा...

पांढरा. बरफानं.

बोट लावलं तर चिकाटलं. साल निघालं.

सागिननं तुकडा उपसला, भोक चिखलानं बुजवलं. दुसऱ्या दिशी चिखलातनं पांढरं. परत बुजवलं. परत पांढरं. मी सोता बघून आलोय, जून म्हैना, भाईर गवताची कापनी चाललेली. भिंतीवर बोटाएवढं बरफ. पगळत न्हाई, वाढत न्हाई.

तोंडाकडं काय बघतोस माझ्या? डबा हाय तिथंच ऱ्हाईल. वाटंत म्हाताऱ्या असानबेकला उठीव, त्याच्या भावाला बी घे. दोघं ते, तिसरा मी, झाली वडीलधारी मानसं. आत्ता जायाचं आन् तुझ्या आजीला सांगायचं. ऊठ.