दहीवनच्या मुलींचा सवयपट

सामन्याला दोन दिवस उरले असताना डॉ. शिरीष टिपणीस बारा कॅमेरे आणि एक पेटी घेऊन दहीवन कॉलेजच्या मैदानावर हजर झाले, आणि प्रशिक्षक कौसल्याबाई भोये यांनी त्यांच्यासाठी मुकाट्याने खुर्ची मांडली. पाहुण्याला नको म्हणायची सोय नव्हती. प्रतिस्पर्ध्याच्या निरीक्षकाला दोन तास सराव बघू द्यायचा, असा स्पर्धेचा नियमच होता. टिपणीस आले होते गतविजेत्या कीर्तिसागर कॉलेजकडून.

त्या काळी बास्केटबॉल मैदानावर कमी आणि असल्या पेट्यांमध्ये जास्त खेळला जायचा. पेटी सवयपट काढायची. सवयपट म्हणजे माणसाच्या अंगवळणी पडलेल्या हालचालींचा नकाशा. आपल्याला वाटतं, आपण विचार करून डावीकडे वळतो. कसलं काय! मेंदू अर्धा सेकंद आधीच ठरवून मोकळा झालेला असतो; खांदा, टाच, नजर कामाला लागलेली असतात. दोन तासांत पेटी हे सगळं टिपायची. मग सामन्यात ती मुलगी काय करणार, हे तिच्याही आधी समोरच्या संघाच्या कानातल्या यंत्रात सांगायची. शंभरात नव्वद वेळा बरोबर.

मोठ्या कॉलेजांचं बरं होतं, त्यांच्याकडे चाळीस-चाळीस खेळाडू. रोज नवे पाच उतरवायचे. दहीवनकडे होत्या सात. गेली दोन वर्षं पहिल्याच सामन्यात त्यांचा धुव्वा उडाला होता. यंदाही हरल्या, की नियमाप्रमाणे संघ कायमचा बाद. मोखाड्याच्या डोंगरातल्या या सात पोरींचा खेळ तिथेच संपणार होता.

"साहेब, पोरी मुद्दाम चुकीचं खेळल्या तर हो?" बाईंनी साळसूदपणे विचारलं.

टिपणीस हसले. "सगळे तेच करून बघतात, बाई. खोटं खेळायचं तर मेंदूला आधी खरं दाबावं लागतं. तेवढ्यात अंग किंचित अडखळतं. तुम्हा-आम्हाला दिसत नाही, पेटीला दिसतं. लाल दिवा लागतो आणि संघ जागच्या जागी बाद."

"अगं बाई!"

"म्हणून सांगतो, त्यांना मनमोकळं खेळू द्या."

पुढचे दोन तास बाईंची नजर पोरींवर कमी आणि त्या दिव्यावर जास्त होती. उंच तारका गावित उजव्या हाताने चेंडू आपटत आत घुसत होती. प्रणाली वारे लांबून नेम धरत होती. दिवा काही लागला नाही.

"ब्याण्णव टक्के," पेटी मिटत टिपणीस म्हणाले. "गुणी पोरी आहेत हो. वाईट वाटतं." त्यांनी कोरा चहा घेतला आणि ते गेले.

गाडी वळणाआड झाली तशा बाई मटकन पायरीवर बसल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

कारण त्या दिवशी तारका तारका नव्हतीच. ती प्रणाली होती, आणि प्रणाली आणखी कुणीतरी.

आता हे कसं, ते ऐका. बाईंच्या गावात बोहाडा व्हायचा. देवादानवांचे मुखवटे चढवून माणसं नाचायची आणि प्रत्येक सोंगाची चाल ठरलेली असायची. बाईंचा बाप एरवी पाय ओढत चालणारा, पण नरसिंहाचं सोंग घेतलं आणि संबळ वाजला की ताठ पावलं टाकायचा. तो नाटक करत नव्हता. तेवढा वेळ तो नरसिंहच असायचा. गेल्या वर्षी हरल्यावर बाईंना ते आठवलं आणि त्यांनी पोरींना कामाला लावलं. दर सोमवारी चिठ्ठ्या काढायच्या. या आठवड्यात तारकाने प्रणाली व्हायचं, प्रणालीने आणखी कुणी. नुसतं खेळायचं नाही. जेवायचं, चालायचं, वहीसुद्धा लिहायची ती जिचं सोंग घेतलं तिच्याच हाताने; ती डावखुरी, तर डाव्या. "सोंग अंगात उतरलं पाहिजे गं," बाई ओरडायच्या, "वरवरचं नको मला!" दिवाळीपर्यंत पोरी घोटभर पाणी पिता पिता एकीची दुसरी व्हायला लागल्या.

सामन्याच्या दिवशी पहिल्या क्वार्टरमध्ये कीर्तिसागरने त्यांना लीलया अडवलं. वीस-आठ. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, परत पाठवा यांना डोंगरात!" मग विश्रांतीत बाईंनी एकदाच टाळी वाजवली.

पोरी पाणी पिऊन परत आल्या आणि पेटीचं डोकं फिरलं. कानात सांगितलं जाई उजवीकडे, चेंडू जाई डावीकडे. कीर्तिसागरच्या पोरी एकमेकींवर आपटायला लागल्या. तिसऱ्या क्वार्टरला पुन्हा टाळी, पुन्हा सोंगं बदलली. टिपणीस पेटी थोपटत होते आणि दिवा काही लाल होत नव्हता.

शेवटचे सहा सेकंद. एकसष्ट-साठ, दहीवन एका गुणाने मागे. चेंडू तारकाकडे. यंत्र म्हणालं, उजवीकडून घुसणार. तिघी तिकडे धावल्या. तारका जागची हलली नाही. तिने डावा हात उचलला आणि लांबूनच चेंडू फेकला.

जाळी हलली. ज्या तोंडांनी हिणवलं होतं तीच आता 'दहीवन, दहीवन' ओरडत होती. बाई मैदानात धावल्या, पोरींनी त्यांना उचललं, चप्पल कुठे उडाली त्याचा पत्ता नाही. जिंकलो गं, जिंकलो! बाईंना रडू आवरेना.

गर्दी पांगल्यावर टिपणीस आले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, कुतूहल होतं. "आज कुणीच खोटं खेळलं नाही, बाई. एकदाही नाही. असं मी कधी पाहिलं नव्हतं." मग ते तारकाकडे वळले. "राज्य संघाच्या निवडीसाठी तुझं नाव मी स्वतः सुचवतो. फक्त तुझा खरा सवयपट हवा. पाच मिनिटं स्वतःसारखी खेळ."

"हात्तिच्या, एवढंच ना!" तारका म्हणाली. तिने चेंडू उजव्या हातात घेतला. मग डाव्या. एकदा आपटला आणि थांबली. परत उजव्यात घेतला.

"बाई," ती हसत म्हणाली, "मी मूळची कुठल्या हाताची हो?"

पोरी खिदळल्या. बाईही हसल्या आणि सांगायला त्यांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. त्यांनी प्रणालीकडे पाहिलं, प्रणालीने इतरांकडे. हसणं हळूहळू थांबलं.

"सांगा ना, बाई," तारका म्हणाली. आता ती हसत नव्हती.