पाचवा क्रमांकच बरा

"माफ करा… तुमची पिशवी माझ्या मावशीच्या जागेवर बसलीय."

ओपलने वर पाहिलं. सप्टेंबरचं ऊन असं की डोळे उघडवेनात, आणि त्या उन्हात एक उंच मुलगा उभा. अंगात डाळिंबी रंगाचा ढगळ सदरा, हातात उकडलेल्या शेंगांची गरम पुडी, आणि चेहऱ्यावर चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा भाव. बाविसाव्या रांगेत पंधरा नंबरची खुर्ची मिस वर्नांची; थोरल्या बायकांना तिकडे आदराने मिसच म्हणतात. ओपल सात वर्षांची असताना आजोबांचं बोट धरून चौदा नंबरवर येऊन बसली, तेव्हापासून शेजारी मिस वर्ना, त्यांची छत्री आणि पंचांना घातलेल्या त्यांच्या अस्सल शिव्या हे ठरलेलंच होतं.

"मिस वर्ना कुठायत?"

"त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. बासष्ट पायऱ्या आता चढवत नाहीत. यंदा त्यांच्या वतीनं मी, पेन्साकोलाहून. चार तास गाडी हाणत आलोय. अट एकच, पंचांना शिव्या कमी पडता कामा नयेत."

"येतात का तुम्हाला?"

"गाडीत सराव केलाय."

ओपल खळखळून हसली. तिने पिशवी उचलली, तो बसला. मग हात पुढे करून म्हणाला, "माझं नाव—"

तेवढ्यात खाली अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाचा पहिला चेंडू हवेत उडाला. हॅलोवे गावच्या संघातल्या एका किरकोळ पोराने तो झेलला आणि जो सुटला तो सुटलाच! एक गडी चुकवला, दुसरा चुकवला, तिसरा तर हवेलाच मिठी मारून पडला. ऐंशी हजार माणसं एका झटक्यात उभी राहिली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकटा पळत गेला, आणि मागच्या वर्षी बारापैकी नऊ सामने हरलेल्या हॅलोवेने या वर्षी पहिल्याच चेंडूवर शेवटच्या रेषेपार जाऊन टचडाउन केला.

आरडाओरडा ओसरला तेव्हा पुढच्या रांगेतले पेटिग्रू आजोबा सावकाश मागे वळले. वय एक्याऐंशी. छप्पन वर्षांत घरचा एकही सामना चुकवलेला नाही. बाविसाव्या रांगेच्या आसपास त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"तुम्ही दोघं! चेंडू उडाला तेव्हा काय चाललं होतं?"

"मी… नाव सांगत होतो यांना."

"सांगितलंस?"

"नाही, राहिलं."

"मग राहू दे! हरेपर्यंत नावाचं एक अक्षर काढायचं नाही. इतक्या वर्षांनी काहीतरी जुळून आलंय, त्यात खोडा घालू नका."

दुसऱ्या गावात लोक हसले असते. हॅलोवेत कोणी हसलं नाही. इथे संघ जिंकत असताना माणसं मोजे धूत नाहीत, दाढी करत नाहीत, आणि एका बाईने तर मुलाचं बारसं पुढे ढकललं होतं. ओपल दातांच्या दवाखान्यात काम करायची, चांगली शिकलेली पोरगी. पण चौदा नंबरच्या खुर्चीत बसली की तिचं शिक्षण बासष्ट पायऱ्यांखाली राहायचं. त्या दिवशी हॅलोवे जिंकलं. मग काय, नावं गेली, फोन नंबर गेले. ती झाली चौदा आणि तो झाला पंधरा.

घरच्या मैदानावरचे सामने वर्षाला सात. म्हणजे भेटीही सातच.

दुसऱ्या भेटीत कळलं की तो समुद्रावरचे पूल तपासतो. दोरीला लटकून, हातोडीने ठोकून. तिसऱ्या सामन्याला भुरभुर पाऊस होता. एकाच प्लॅस्टिकखाली दोघं दाटीवाटीने बसले, आणि शेंगांच्या पुडीत दोघांची बोटं एकाच वेळी गेली.

"चौदा, ती माझी शेंग होती."

"नाव लिहिलं होतं का तिच्यावर?"

"नाव लिहिता येत नाही ना… आजोबा मारतील."

चौथ्या सामन्यापासून ती शुक्रवारी रात्रीच सदरा इस्त्री करून ठेवू लागली. पाचव्याला तो वीस मिनिटं उशिरा आला, आणि त्या वीस मिनिटांत मैदानावर काय झालं हे तिला आजही सांगता येणार नाही. बासष्ट पायऱ्या धापा टाकत चढून तो दिसला तेव्हा ती एकदम म्हणाली, "मेला होतास कुठे?" आणि स्वतःच लाजली. तिला तो आवडत होता. नुसता आवडत नव्हता, फार आवडत होता. आणि त्याला काय म्हणून हाक मारायची हे तिला ठाऊक नव्हतं.

हॅलोवे मात्र सुटलंच होतं. सहा विजय… आठ… दहा! दर मंगळवारी संध्याकाळी देशातल्या संघांची क्रमवारी जाहीर व्हायची, आणि सगळं गाव देव पाण्यात घालून टीव्हीसमोर बसायचं. आधी एकविसावा क्रमांक, मग चौदावा, मग नववा. अकरावा विजय झाला त्या मंगळवारी पाचवा! चर्चची घंटा वाजली, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोग्याच्या तोंडात कापूस तसाच ठेवून उडी मारली. ऐंशी हजारांचं मैदान असलेल्या तीस हजारांच्या त्या गावाला स्वतःचंच नवल वाटत होतं. लोक रस्त्यात थांबून एकमेकांना नुसतं म्हणायचे, "पाचवे! आपण!" आणि पुढे चालू लागायचे.

ओपलला मात्र सहाव्या भेटीतलं एक वाक्य टोचत होतं. निघता निघता तो म्हणाला होता, "मावशी ऍरिझोनाला लेकीकडे चाललीय कायमची. खुर्चीचं वर्षाचं तिकीट सोडतेय. पाइनफोर्डचा सामना… माझा शेवटचा."

पाइनफोर्डच्या संघाशी हॅलोवेचं सात जन्मांचं वैर. तो सामना नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी.

त्या दिवशी सकाळीच मैदानाबाहेर पेटिग्रू आजोबांनी सामन्याआधीच्या जेवणासाठी ठोकलेल्या छपरीखाली मंडळी जमली. मांस धुरावर शिजत होतं, जोरदार वाद चालू होता. आजोबांनी हातातला चिमटा तलवारीसारखा उगारला.

"पाचवे? अकरा सामने जिंकून पाचवे? ती क्रमवारी ठरवणारी समिती म्हणजे गाढवांचा बाजार! आज पाइनफोर्डला झोपवलं की तिसरे. लिहून घ्या!"

"आजोबा, आपण खेळलो कोणाशी ते बघा," पंधरा म्हणाला. "निम्मे संघ लिंबूटिंबू होते."

"तू पेन्साकोलाचा, तुला काय कळतंय?"

"चौथे तरी नक्की," कोणीतरी मध्येच बोललं. "मोसमानंतरच्या बाद स्पर्धेत पहिल्या चारांना पहिल्या फेरीत सुट्टी मिळते. थेट पुढच्या फेरीत, मोठ्या शहरात!"

आणि ओपलच्या तोंडून निघून गेलं, "मला तर वाटतं, पाचवा क्रमांकच बरा."

 कोणाच्या तरी हातातला पाव खाली पडला.

"पोरी, तुला ताप आलाय का?" आजोबांनी विचारलं.

"नाही, म्हणजे… पाचव्या ते आठव्याला पहिला सामना आपल्याच मैदानावर मिळतो ना. डिसेंबरमध्ये. घरचा… आणखी एक शनिवार."

बोलून तिने जीभ चावली. आजोबा डोकं हलवत मांसाकडे वळले, पण पंधरा तिच्याकडे बघतच राहिला. त्याला बरोब्बर समजलं होतं. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"चौदा," तो हलकेच म्हणाला, "गावाने ऐकलं तर तुला वेशीबाहेर काढतील."

"काढू देत."

"मग मी पण पाचवाच म्हणतो."

"तुझे लिंबूटिंबू संघ?"

"फार कठीण संघ होते ते. फारच."

आणि सामना… काय सांगावं त्या सामन्याचं! पाइनफोर्डवाले हिरवे कपडे घालून आले होते आणि पहिल्या मिनिटापासून अंगावर आले. हॅलोवे मागे, मग पुढे, मग परत मागे. पंधराने मावशीची अब्रू राखली. पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ऊन कलून मैदानावर सोनं पसरलं तरी कोणी खाली बसेना. शेवटी फळ्यावर आकडे राहिले: पाइनफोर्ड तेवीस, हॅलोवे एकवीस. घड्याळात तीन सेकंद. चेंडू हॅलोवेकडे. आता एकच उपाय होता. सत्तेचाळीस यार्डांवरून लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून घालवायचा. गेला तर तीन गुण आणि विजय. नाही गेला तर संपलं.

आणि मग तो हॅलोवेचा जुना रिवाज झाला. आपला गडी लाथ मारायला उभा राहिला की सगळं मैदान हातात हात धरतं आणि गप्प होतं. ओळख असो नसो, शेजाऱ्याचा हात धरायचा. ऐंशी हजार माणसं आणि पान हलल्याचाही आवाज नाही. झेंड्याची दोरी खांबावर टकटक वाजत होती तेवढी ऐकू येत होती. एकोणीस वर्षं झाली, तरी त्या शांततेत ओपलच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. एवढी माणसं, एवढे आवाज, आणि सगळ्यांचा श्वास एकाच वेळी अडकलेला! चर्चमध्येही असं कधी वाटलं नव्हतं तिला.

पंधराचा हात तिच्या हातात होता. गरम, हातोडीने घट्टे पडलेला.

आणि तिला स्वतःच्या मनात काहीतरी भयंकर दिसलं. चेंडू चुकावा, असं तिला वाटत होतं! चुकला तर हरलो. हरलो तर नाव सांगता येईल. आणि खाली घसरून सातवे-आठवे झालो तर आणखी एक शनिवार… गेला खांबांमधून, तर हा हात सुटेल, हा माणूस बासष्ट पायऱ्या उतरेल, आणि ती त्याला हाकसुद्धा मारू शकणार नाही.

खाली मैदानात एकोणीस-वीस वर्षांचं पोर हात झटकत उभं होतं. ज्या सख्ख्या आजोबांनी तिला या खुर्चीत बसवलं, ते शेवटच्या आजारातसुद्धा निकाल विचारत होते. आणि ती इथे बसून त्या पोराचं वाईट चिंततेय? शी! तिची तिलाच लाज वाटली.

नाही. त्या पोराला मनापासून, पुरतं मनापासून 'जा' म्हणायचं असेल, तर स्वतःचं काम आधी स्वतः उरकायला हवं. त्याच्या पायावर टाकून चालणार नाही.

तिने मान वळवली.

"माझं नाव ओपल," ती म्हणाली. "ओपल टकर. आणि मला तू फार आवडतोस."

हळूच म्हणाली, पण त्या शांततेत हळूच असं काही नसतंच. अख्ख्या बाविसाव्या रांगेने माना वळवल्या. एकविसाव्यानेही. पेटिग्रू आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं कारटे… आत्ता?"

पंधराचा आ वासलेला तसाच. एक क्षण. दोन. मग तो हसला, आणि त्याने तिचा हात असा घट्ट दाबला की तिची अंगठी रुतली.

"लायल," तो म्हणाला. "लायल ब्रसार्ड. मी तिसऱ्या सामन्यापासून… पावसापासून…"

"नंतर! नंतर बोला रे!" आजोबा रडवेले झाले. "छप्पन वर्षं! छप्पन वर्षं थांबलोय मी!"

"लायल," ओपल म्हणाली, "समोर बघ. आता गेलाच पाहिजे तो."

आणि आता तिला ते खरंच हवं होतं. मनात कसलाही चोर न ठेवता हवं होतं.

लाथ बसली. चेंडू वर गेला, डाव्या खांबाकडे झुकला… जास्तच झुकला. ऐंशी हजार माणसांनी त्याच्याबरोबर अंग वळवलं, जणू सगळ्यांनी मिळून त्याला उजवीकडे ढकलायचं होतं. चेंडू खांबाला आतून चाटून गेला, 'टण्ण' आवाज झाला, आणि तो पलीकडे पडला.

क्षणभर कोणाला कळेना. मग खांबांखालच्या दोन्ही पंचांनी हात वर केले: तीन गुण!

तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो पायांतून वर आला. खुर्च्या थरथरल्या. पेटिग्रू आजोबा टोपी तोंडावर धरून लहान मुलासारखे रडत होते. मग ते वळले, दोन्ही हातांनी दोघांची डोकी धरून एकमेकांवर हलकेच आपटली आणि म्हणाले, "गाढवांनो! नाव न सांगता आपण तिसरे झालो असतो. सांगून बहुतेक दुसरे होऊ!"

माणसं पायऱ्या उतरू लागली. खाली मैदान डाळिंबी माणसांनी भरून गेलं. सूर्य पलीकडच्या कठड्यामागे गेला, थंडी वाजू लागली. वरच्या रांगा रिकाम्या झाल्या, तरी ओपल आणि लायल बसलेलेच. हात सोडायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.



"भीती वाटतेय मला," ओपल शेवटी म्हणाली. "आपण फुटबॉलशिवाय दुसरं फारसं काही बोललोच नाही कधी. खाली उतरल्यावर तुला मी आवडले नाही तर?"

"मलाही तीच भीती." लायल खरं तेच बोलला. "मी सामन्यात बरा वाटतो. एरवी लोक म्हणतात, पुलांबद्दलच बडबडत असतो."

"मला पुलांतलं काही कळत नाही."

"मला दातांतलं."

दोघं हसले. हॅलोवे आता दुसरं असो किंवा तिसरं, पाचवं नक्की नव्हतं. या मैदानावर आता पुढच्या सप्टेंबरपर्यंत गवतच वाढणार होतं.

"पुढच्या शनिवारी येऊ?" त्याने विचारलं.

"लायल, पुढच्या शनिवारी इथे सामना नाही. काहीच नाही. सामना नसला की हॅलोवेत कुत्रंही फिरकत नाही. चार तास गाडी हाणून येशील आणि बघशील काय?"

तो तिच्याकडे असा बघत होता, की शेवटच्या चेंडूकडेही त्याने तसं पाहिलं नव्हतं.

"तू असशील ना इथे?"

 ओपलने होकारार्थी मान हलवली, आणि डोळे पुसत पुसत त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.