शेवटचं गाणं कापलेली कॅसेट

१९९८च्या मार्चमध्ये एका दुपारी शिवलीला माझ्या दुकानात आली, ती एक एलपी रेकॉर्ड कॅसेटवर उतरवून घ्यायला. काम एवढंच होतं. तेव्हा शाहूपुरीत माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि मी कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचो. दुकानाच्या मागच्या अंगाला लाकडी फळ्यांची केबिन होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले होते. खिडकी नव्हती. लाईट गेली की भर दुपारीसुद्धा आत स्वतःचा हात दिसायचा नाही. आत रेकॉर्ड लावायचा प्लेअर, कॅसेट भरायचा डेक, माझी खुर्ची आणि गिऱ्हाइकासाठी एक लाकडी स्टूल.

शिवलीला उचगावला शाळेत शिकवायची. तिचे वडील रुद्रय्या हे फाउंड्रीत लोखंड ओतणारे जुने कारागीर. महिन्यापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली, उजवी बाजू गेली आणि ते दवाखान्यात पडून होते. तिनं पुढं केलेल्या पाटीवर त्यांनी डाव्या हातानं एकच मागणं लिहिलं होतं, ते या रेकॉर्डचं.

कव्हरवर पिवळा कोट घातलेली एक गोरी बाई होती. नाव डोरीन हॉलिस. मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि इंग्रजी गाण्यांतलं आपल्याला कळतं अशी माझी तेव्हा समजूत होती. शिवलीला म्हणाली की ही बाई हिच्या स्वतःच्या मायदेशातही कुणाला माहीत नाही. आप्पा, म्हणजे तिचे वडील, १९७४ साली कामाच्या ट्रेनिंगला बर्मिंगहॅमला होते. त्यांच्या खोलीखाली एक छोटा क्लब होता आणि दर शनिवारी ही तिथं गायची. तिची ही एकच रेकॉर्ड निघाली आणि कुणी घेतली नाही. मग बाई स्वतःच क्लबच्या दारात पिशवीतून विकत उभी राहायची. आप्पांनी एक घेतली. पुढं वीस-बावीस वर्षं दर रविवारी दुपारी, घरच्यांचा डोळा लागला की ते ती लावायचे, अगदी हळू आवाजात. शिवलीलाची आई त्याला इंग्रजी रडगाणं म्हणायची.

"वसीमभाई, सगळं एकाच बाजूला बसवा की. आप्पांना कॅसेट उलटी कराय येत न्हाय. दवाखान्यात मी काय दिवसभर नसते."

मी नव्वद मिनिटांची कॅसेट घेतली. म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. रेकॉर्ड निघाली अठ्ठेचाळीस मिनिटांची.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. गाणी बसली नाहीत की आम्ही शेवटचं गाणं कापायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो नाही. कोण ऐकतंय शेवटपर्यंत, असं आमचं गणित. मी आवाज बारीक करून नुसता डेकवरच्या आवाजाच्या काट्यावर डोळा ठेवला, चहा प्यायलो, पेपर वाचला. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधी सुई उचलली. आणि कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर सुवाच्य अक्षरात दहाही गाण्यांची नावं लिहिली. दहाव्या गाण्याच्या नावाचा अर्थ साधारण असा होता, अजून थोडं बस. शिवलीला कॅसेट घेऊन तशीच दवाखान्यात गेली. रेकॉर्ड माझ्याकडंच राहिली.

बारा दिवसांनी ती परत आली. केस न विंचरलेले, डोळे सुजलेले. आप्पा गेले होते. शेवटचे दिवस त्यांनी कानाला वॉकमन लावूनच काढले, असं तिनं सांगितलं. कॅसेट संपली की डाव्या हातानं मागं घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. पण दर वेळी शेवटी रिकामी टेप सुरू झाली की ते अस्वस्थ व्हायचे. कपाळाला आठ्या पडायच्या आणि ते दाराकडं बघायचे.

"शेवटच्या गाण्यात ती बाई मधीच गप हुतीया," शिवलीला म्हणाली. "मी ल्हान असल्यापासनं बघितलंय. ती गप झाली की आप्पा खुर्चीच्या हातावर बोटानं दोनदा वाजवायचे. टक, टक. मग ती परत गायाय लागायची. जणू त्यांनीच सांगितलं." मग तिनं विचारलं, "गेले तवा बोट तसंच वर होतं, वसीमभाई. दुपारचे साडेतीन. ते गाणं लई हळू हाय का? मी पण कान लावला. मला काय ऐकूच आलं न्हाय."

मी म्हणालो, "व्हय ताई. लई हळू हाय."

असं खोटं बोलायला माणसाला किती कमी वेळ लागतो. तिनं रेकॉर्डही परत नेली नाही. ऐकायला कोण हाय आता, म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी एका लग्नाची कॅसेट भरत होतो. गाणी संपली, प्लेअर बंद केला. डेकवरचा आवाजाचा काटा शून्यावर पडला, आणि मग हलला. दोनदा. कानाला काही ऐकू आलं नाही, पण काटा स्पष्ट उडाला होता. मी वायर बदलली. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी सगळ्या वायरी काढून नुसता डेक चालू ठेवला. घड्याळात साडेतीन झाले आणि काटा दोनदा उडाला. मग थोडं थांबून पुन्हा दोनदा. कुणीतरी वाट बघत होतं. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त लाज वाटली, हे खरं सांगतो.

त्या शनिवारी दुपारी मी शटर अर्धं ओढलं, केबिनमध्ये बसलो आणि ती रेकॉर्ड पहिल्यापासून मोठ्या आवाजात लावली. दुसऱ्या कॅसेटवर शेवटचं गाणं भरायचं होतं, म्हणून डेकही तयार ठेवला. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

काय सांगू. पंधरा वर्षं गाणी विकली, पण मी गाणं ऐकत नव्हतो हे त्या दिवशी कळलं. ही बाई आवाज दाखवत नाही. कुठं तान नाही, किंचाळणं नाही. ड्रम आणि ऑर्गन मागं राहून तिची वाट बघतात आणि ती मात्र सावकाश, घरात कुणीतरी आजारी असल्यासारखी जपून गाते. चौथ्या गाण्यात तिचा आवाज एका ठिकाणी फाटतो. तो तिनं तसाच ठेवलाय. दुसरी कुणी असती तर पुन्हा गायली असती. मला माझी गेलेली आई आठवली आणि मी एकटाच बसून रडलो. अशी रेकॉर्ड कुणी घेतली नाही, याचा मला राग आला. आणि मी तिचंच गाणं कापलं होतं, वर नाव लिहून.

दहावं गाणं सुरू झालं तसं मी डेकचं बटण दाबलं. नुसता ऑर्गन आणि ती. दोन कडवी झाली, आणि शिवलीला म्हणाली होती तशी ती मधेच थांबली.

त्याच क्षणी लाईट गेली.

प्लेअर थांबला, डेक थांबला. काळोख झाला. रस्त्यावरचा आवाजही आत येत नव्हता. आणि मग वास आला... जळक्या वाळूचा आणि तेलाचा, फाउंड्रीतून सुटलेल्या माणसाच्या कपड्यांना येतो तो. माझ्या डाव्या हाताला स्टूल करकरलं. कुणीतरी जड माणूस त्यावर सावकाश टेकला होता.

मी हललो नाही. शेजारी श्वास ऐकू येत होता, एका बाजूनं ओढल्यासारखा. मग लाकडावर बोट वाजलं.

टक... टक.

थोडा वेळ गेला. पुन्हा टक, टक. गाणं पुढं जात नव्हतं. त्या दोन ठोक्यांत राग असता तर मी पळालो असतो. पण राग नव्हता. दवाखान्यात एक माणूस बोट वर धरून शेवटपर्यंत थांबला होता, तोच अजून थांबला होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"बसा आप्पा... लाईट येतीया. म्या लावतो की."

श्वास जरा हलका झाला. किती वेळ आम्ही तसे बसलो ते सांगता येत नाही.

लाईट आली तेव्हा स्टूल रिकामं होतं. प्लेअर फिरायला लागला, तिचा आवाज आधी जाड, मग हळूहळू तिचा स्वतःचा झाला, आणि गाणं शेवटपर्यंत गेलं. मी ते पुन्हा पहिल्यापासून लावून कॅसेटवर घेतलं. त्यानंतर त्या डेकचा काटा कधी फुकट हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी उचगावला गेलो आणि शिवलीलाला सगळं सांगितलं, माझ्या खोटेपणासकट. तिनं कॅसेट हातात घेतली. मग एवढंच म्हणाली, "म्हंजे आप्पा बरोबर हुते. मीच त्यांना गाणं संपलं, झोपा म्हनत हुते." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढं कॅसेटी गेल्या. २००७ पर्यंत माझं दुकान मोबाईल रिचार्जचं झालं होतं आणि टेबलावर कॉम्प्युटर आला होता. एका दुपारी गंमत म्हणून डोरीन हॉलिसचं नाव इंटरनेटवर शोधलं. एकच पान निघालं. इंग्लंडमधल्या कुणा म्हाताऱ्यानं आपल्याजवळच्या रेकॉर्डवरून सगळी गाणी तिथं चढवली होती आणि लोकांनी हिला ओळखलं नाही म्हणून फार कळवळून लिहिलं होतं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी शेवटचं गाणं लावलं.

दोन कडव्यांनंतर ती थांबली. माझ्याकडच्या रेकॉर्डमध्ये तिथं काहीच नाही. मी शंभरदा ऐकलंय, नुसती शांतता आहे. इथं मात्र दोन ठोके आले. टक, टक. आणि त्यामागं लांबून, पण स्वच्छ, माझा आवाज होता. बसा आप्पा, लाईट येतीया.

मी ते बोललो तेव्हा लाईट गेलेली होती, डेक बंद होता. केबिनमध्ये माईक कधीच नव्हता.

खाली त्या म्हाताऱ्यानं टीप लिहिली होती. ही रेकॉर्ड मी १९७४ साली क्लबच्या दारात बाईंच्या हातून घेतली. शेवटच्या गाण्यात एक माणूस काहीतरी बोलतो, ते तेव्हापासून आहे. ती कुठली भाषा, आणि तो कुणाला काय सांगतोय, हे कुणाला कळत असेल तर कृपया कळवा.

१९७४ साली मी दुसरीत होतो. त्याला मी अजून काही कळवलेलं नाही.